साटुरस स्वतःहून तुरुंगात गेला

आपल्या मंडळ्यांत 'साक्ष' म्हणजे रविवारच्या उपासनेत पाच मिनिटं उभं राहून बोलणं आणि 'शिष्य करणं' म्हणजे बाप्तिस्म्याआधीचा काही आठवड्यांचा वर्ग, असं ठरूनच गेलंय. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, चालू राहाव्यात. पण त्यांची अशी फारकत झालीय, की एक काम बोलणाऱ्यांचं आणि दुसरं शिकवणाऱ्यांचं. हे मला मनापासून खटकतं. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना ही वाटणी कळलीच नसती.

कार्थेजचा साटुरस घ्या. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं शहर, तेव्हा रोमी सत्तेखालचं. त्या भागात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या काही तरुण मंडळींना अटक झाली. त्यांत बावीसेक वर्षांची, अंगावर पिणारं बाळ असलेली पर्पेतुआ होती आणि गरोदर असलेली गुलाम फेलिसिती होती. त्यांना विश्वासात वाढवणारा साटुरस अटकेच्या वेळी तिथं नव्हता. म्हणजे तो सुटला होता! गावाबाहेर निघून गेला असता, तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो स्वतःहून हजर झाला आणि आपल्या शिष्यांबरोबर तुरुंगात गेला. पर्पेतुआनं तुरुंगात लिहून ठेवलेल्या हकिगतीत हे एका वाक्यात येऊन जातं. (आमच्या संडे स्कूलमध्ये तिचं नाव कधी कानावर पडलं नाही, याचं फार वाईट वाटतं.)

तिला तिथं एक दर्शन झालं. आकाशाला भिडलेली पितळी शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी नि भाले, पायथ्याशी अजगर. साटुरस आधी चढतो, वर पोहोचल्यावर मागे वळतो आणि म्हणतो, पर्पेतुआ, मी तुझी वाट बघतोय, पण त्या अजगराला सांभाळ. शिष्य करणं म्हणजे काय, हे याहून स्पष्ट मी कुठं वाचलेलं नाही.

शिक्षेच्या आदल्या दिवशी लोक या कैद्यांचं शेवटचं जेवण बघायला जमले. साटुरसनं त्यांना सांगितलं, आमचे चेहरे नीट बघून ठेवा, म्हणजे त्या दिवशी आम्हाला ओळखाल. बघ्यांतल्या बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला. तुरुंगाचा अधिकारी पुदेन्सही तोवर विश्वासात आला होता. 7 मार्च 203 रोजी या कैद्यांना आखाड्यात श्वापदांपुढे टाकलं आणि मारलं गेलं, आणि पर्पेतुआच्या आधी साटुरस गेला.

मत्तय 28 मधली शिष्य करण्याची आज्ञा बाप्तिस्म्यावर थांबत नाही. प्रभूनं जे सांगितलं ते सगळं पाळायला शिकवा, इथवर ती जाते. आता पाळायला शिकवायचं, तर शिकवणारा आधी स्वतः पाळताना दिसायला नको का? साक्ष आणि शिष्यत्व इथं एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणूनच त्या काळी घाईही नव्हती. हिप्पोलितसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मंडळीच्या जुन्या नियमग्रंथात तयारीचा काळ तीन वर्षांचा सांगितलाय. बाप्तिस्म्यासाठी निवडताना विचारायचे, यानं विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची विचारपूस केली का? आणि उत्तर द्यायचं ते त्याला घेऊन आलेल्या माणसांनी. म्हणजे त्यांनी त्याचं रोजचं जगणं जवळून पाहिलेलं असायला हवं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याला काही श्वापदांपुढे टाकत नाहीत. खरंय. पण त्याच कार्थेजमध्ये 252 च्या सुमारास मोठी साथ आली, तेव्हा बिशप सिप्रियननं मंडळीला सेवेला लावलं, आणि ती सेवा फक्त आपल्या माणसांपुरती ठेवू नका असंही बजावलं. तिथं आखाडा नव्हता, आजाऱ्यांची उशाशी बसून काळजी घ्यायची होती. नव्या विश्वासणाऱ्यांनी ते बघितलं असेल, त्यात हात लावला असेल, तर वेगळ्या वर्गाची गरज किती उरली असेल?

पाळकांना आणि कमिटीला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या बाप्तिस्म्याची यादी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे मंडळीतल्या एका माणसाचं नाव लिहा. उद्या त्या नव्या भावाला किंवा बहिणीला घरच्यांनी दार लावलं, नोकरी गेली, हॉस्पिटलमध्ये रात्र काढायची वेळ आली, तर जो स्वतःहून तिथं जाऊन उभा राहील असा माणूस. आणि असं नाव सापडत नसेल, तर बाप्तिस्म्याची तारीख पुढे ढकला आणि आधी तो माणूस शोधा.