लसूण शेव आणि नऊ सम्राट

वर्षाचे 356 दिवस डुकराच्या मांसाचं नूडल-सूप विकणाऱ्या एका बाईनं मंगळवारी मला भर रस्त्यात, रांगेतल्या चौदा-पंधरा गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, की तू शाकाहारी नाहीस. मला! आमच्या घरात अंड्याचा रंग मी शाळेच्या पुस्तकात पाहिला. एवढं सांगून तिनं माझा फराळाचा डबा वर्तमानपत्राच्या कागदात धरून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती फाटकाला बाहेरच्या बाजूनं अडकवली. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आज शनिवार. पिशवी अजून तिथंच लोंबते आहे.

मी थायलंडमधल्या फुकेत शहरात राहते, एका हॉटेलात हिशेब बघते. ज्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली आहे त्याच्या मालकीणबाई म्हणजे आमा. आमा म्हणजे आजी. सगळी गल्ली त्यांना आमाच म्हणते. खाली त्यांचं ते नूडल-सूपचं दुकान. त्या मला ‘नू’ म्हणतात. थाई भाषेत नू म्हणजे उंदीर. लहान मुलींना लाडानं म्हणायची पद्धत आहे, असं मला ऑफिसात सांगण्यात आलंय. मी चौतीस वर्षांची आहे.

इथं शाकाहारी म्हणून जगणं हा स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे. ‘मी मांस खात नाही’ म्हटलं की समोरचा माणूस मनापासून कळवळतो आणि विचारतो, ‘मग कोळंबी?’ भाजीवर नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी. ते नको म्हटलं तर कालवांचं सॉस. तेही नको म्हटलं तर नुसता भात येतो आणि त्याच्याबरोबर आचाऱ्याची कीव. शाकाहारीला थाईमध्ये ‘मंगसाविरात’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मांसविरति! आपला संस्कृत शब्द इतक्या लांब येऊन नांदतोय, म्हणजे आता आपलीही सोय होणार, असं वाटलं. शब्द नांदतोय. भाजीत बोंबलाचा भाऊबंद असतोच.

त्यामुळं हे नऊ दिवस आले की मला माहेरपण वाटतं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ तिथींना इथं नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात, त्यावर लाल अक्षरात ‘जे’. थाई लिपीतलं ते अक्षर हुबेहूब 17 सारखं दिसतं. पहिल्या वर्षी मला वाटलं सतरा टक्के सूट आहे, आणि मी एका दुकानात तशी घासाघीसही केली. जे म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. रानोंग रस्त्यावर जुई तुई देवळाच्या आसपास नुसत्या खाण्याच्या गाड्या. पिठाचं बदक, सोयाचं डुक्कर, कातडीवरच्या रेघांसकट. आता जन्मात बदक न खाल्लेल्या बाईला ते हुबेहूब झालंय की नाही कसं कळणार? मी आपली ‘छान, अगदी तसंच’ म्हणते आणि कातडी बाजूला काढते.

गेल्या वर्षी हे बरोबर घटस्थापनेला सुरू झालं होतं, 3 ऑक्टोबरला. यंदा चिनी पंचांगात अधिक महिना पडला, म्हणून सगळं सरकून दिवाळीत आलं. (आपला अधिक पुढच्या वर्षी आहे. सासूबाईंनी जावयाच्या वाणाची आठवण आत्तापासून करून दिली आहे. असो.) आपली अमावस्या तो त्यांचा पहिला दिवस. नेमका त्याच्या आदल्या दिवशी सांगलीहून आईचा फराळ पोचला. तेव्हा मला उमाळा आला. म्हटलं, एवढी वर्षं या बाईच्या हाडांच्या रश्श्याचा वास मी जिन्यावर सोसला; आज ती शाकाहारी, मीही शाकाहारी, दिवाळी आहे, डबा देऊ या.

आमा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीमागं उभ्या होत्या. त्यांनी झाकण उघडलं, आणि मग आमाचं नाक डब्यावर फिरलं. मी विमानतळावर कस्टमचं कुत्रं पाहिलंय. त्याच्यात एवढा गंभीरपणा नव्हता.

‘हे काय?’

‘चकली.’

‘आत काय?’

‘तांदूळ, डाळी, आणि लोणी.’

‘लोणी गाईचं?’

‘नाही, नाही,’ मी घाईनं म्हटलं. गाईचं चालत नसेल, असं वाटलं. ‘म्हशीचं.’

थाईत म्हैस म्हणजे ख्वाय. आणि कुणाला ठार मूर्ख म्हणायचं असेल तरी ख्वायच. मी रांगेकडं तोंड करून, छाती पुढं काढून ‘ख्वाय!’ असं ओरडले होते. रांगेतला एक रिक्षावाला हसता हसता खाली बसला. आमा हसल्या नाहीत. त्यांनी चकली बाजूला सारली.

‘हे?’

‘बेसनाचा लाडू. यात तूप.’

‘तूप म्हणजे?’

आता तूप थाईत कसं सांगायचं? म्हटलं, लोणी कढवलं की जे राहतं ते. म्हणजे लोण्याचं लोणी. आमांनी लाडवाकडं असं पाहिलं, जसं आपण सुधारून पुन्हा पकडल्या गेलेल्या चोराकडं पाहतो. करंजीत दूध. शंकरपाळ्यांत दूध आणि तूप दोन्ही. अनारसे तुपात तळलेले. मग चिवडा आला आणि मला हायसं वाटलं, कारण तो तेलातला. तेवढ्यात आमांनी त्यातून दोन बोटांनी एक तळलेली पाकळी उचलली.

‘लसूण.’

आवाज एवढा शांत होता की रांग मागं सरकली.

‘थोडासाच,’ मी म्हटलं. शेवेचा पुडा अजून तळाशी होता. त्यावर आईनं स्केचपेननं मराठीत लिहिलं होतं ‘लसूण शेव (जास्त लसूण, तुला आवडते तशी)’. आमांना मराठी येत नाही. नाकाला लिपीची गरज नसते.

त्यानंतर कागद, पिशवी, दोन गाठी, फाटक. टेबल पाण्यानं धुतलं. मग माझ्या हातावरही पाणी ओतलं. आणि म्हणाल्या, ‘नू, तू मंगसाविरात आहेस. जे नाहीस.’ दूध नाही, मध नाही, कांदा-लसूण आणि त्यांचं सगळं गणगोत नाही. यादीत तंबाखूसुद्धा आहे, म्हणजे आमचे बापूकाका तर दारातच बाद. काही जणांना कालवं मात्र चालतात म्हणे, त्यामागं कसलीशी जुनी कथा आहे. आमा म्हणाल्या, त्या लोकांतल्या आम्ही नाही. मी मनात म्हटलं, कालव चालतं आणि माझ्या आईचा लाडू चालत नाही, हा कुठला न्याय?

हे शास्त्र मला नवं आहे, असंही नाही. आषाढात कांदेनवमीला भज्यांवर तुटून पडायचं आणि मग चार महिने कांद्याचं नाव काढायचं नाही, हे आमच्या आजीनं आयुष्यभर केलं. इथले लोकही आदल्या दिवशीच पोट धुवायला सुरुवात करतात. आमा आणि आजी एकमेकींना भेटल्या असत्या तर पाच मिनिटांत माझ्याविरुद्ध एक झाल्या असत्या.

कारण पुढचा प्रश्न आमांनी अगदी आजीच्याच आवाजात विचारला. देवळात येणार असशील तर सांग, तुझे दिवस तर नाहीत ना? रांग होतीच. रिक्षावालाही होताच. नियमच आहेत: पाळी असलेल्या बाईनं येऊ नये, गरोदर बाईनं विधी बघू नयेत, सुतकातल्यांनी लांब राहावं. मला तेव्हा विनोद सुचला नाही. सांगलीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तीन-तीन दिवस बसून मी गणितं सोडवली आहेत. पासपोर्ट काढला, परदेशात नोकरी धरली, समुद्र ओलांडला, आणि तो उंबरा माझ्या आधीच येऊन बसलेला. जुई तुईच्या दारात लोक गालांतून तलवारी आणि छत्र्या आरपार घालून घेतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. रक्तातही म्हणजे भेदभाव.

बरं, उत्सवाची गोष्ट इतकी गोड आहे की रागावताही येत नाही. 1825 साली कथू गावात, जिथं कथिलाच्या खाणी होत्या, चिनी संगीत नाटकाची एक मंडळी आली आणि तापानं पडली. त्यांनी मांस सोडून नऊ देवांची पूजा केली, आणि बरी झाली. नाटक कंपनीच्या नवसावर अख्खं बेट दोनशे वर्षं जेवतं आहे! हे नऊ देव म्हणजे आकाशातले सप्तर्षी, अधिक दोन न दिसणारे तारे. मी आमांना सांगितलं होतं, आमच्याकडं ते सातच. त्यांनी कणवेनं विचारलं, ‘बाकीचे दोन हरवलेत?’

मंगळवारी संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी वरमून शेवटी पांढरे कपडे घातले होते. आई किंचाळली, ‘सणाच्या दिवशी पांढरं? कोण गेलं?’ तेवढ्यात खाली फटाक्यांची माळ लागली, दहा मिनिटं थांबेचना. आई खूश झाली. ‘बघ, तिकडंही दिवाळी करतात.’ मी हो म्हटलं. फराळ आमांना आवडला का, यालाही हो म्हटलं.

चार दिवस मी उकडलेला कोबी आणि पिठाचं बदक खाल्लं. काल रात्री अकरा वाजता राहवेना. खाली गेले, फाटकाबाहेर उभं राहून गाठी सोडल्या आणि अंधारात, पांढऱ्या कपड्यांत, रस्त्यावर लसूण शेव खाऊ लागले. मागून आमांचा नातू आला. तो देवाची पालखी उचलतो. फटाक्यांनी खांदे भाजलेले, पाच दिवस कडक जे. त्यानं पुड्याकडं पाहिलं, वरच्या खिडकीकडं पाहिलं आणि ओंजळ पुढं केली.

‘फी,’ म्हणजे ताई, ‘आमाला सांगू नकोस.’

त्यानं तीन ओंजळी खाल्ल्या. मग नळाखाली चार वेळा चुळा भरल्या आणि झोपायला गेला.

आज सकाळी सहा वाजता आमा जिन्याखाली उभ्या होत्या. नातू त्यांच्या मागं, जमिनीकडं बघत.

‘नू, तुझा वास घरात शिरलाय. पोराच्या तोंडाला येतोय.’

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पालखीच्या दांड्याला नवीन फडकं गुंडाळायला घेतलं.

पिशवी फाटकावरून काढून समोरच्या विजेच्या खांबाला बांधली आहे. आता तिला पाच गाठी आहेत.