पगार सात तारखेला येतो, बिलाचे पैसे नाही

काका, नमस्कार.

नोकरी सांभाळून पुण्याजवळच्या भोसरीत यंत्रकामाचा छोटा गाळा चालवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरीवर लाथ मारली म्हणून ते उभे राहिले, हा एक. आणि पगार एकाचा घेऊन डोकं स्वतःच्या धंद्यात घालणं ही बेइमानी, हा दुसरा. तुम्ही बावीस वर्षं शेड चालवताय, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसरा आधी घेतो, कारण तो लागला. पहिले आठ महिने मी कंपनीत कुणाला काही सांगितलं नव्हतं. दुसरा व्यवसाय करायचा तर लेखी परवानगी हवी, असं माझ्या नेमणूकपत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते चुकलंच माझं. पुढे रीतसर अर्ज केला. परवानगी मिळाली ती एका अटीवर: कंपनीच्या गिऱ्हाइकांचं आणि कंपनीला माल पुरवणाऱ्या व्हेंडरांचं काम घ्यायचं नाही. त्यापायी हातात आलेली एक ऑर्डर सोडली. शिफ्टमध्ये गाळ्याचा फोन उचलत नाही. भोसरीत सुट्टी गुरुवारी, आमच्या कंपनीला रविवारी, त्यामुळे माझा रविवार अख्खा गाळ्यावर जातो. सरकारी नोकरांना तर सेवानियमांमुळे ही वाट जवळपास बंदच आहे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

पण पहिल्या आक्षेपातला, नोकरी न सोडणं म्हणजे भित्रेपणा, हा आरोप मला मान्य नाही. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, तेव्हाच सायकली विकत घेऊन बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायचे आणि रामूअण्णा त्या तिथे विकायचे. बेळगावचं ते दुकान १८८८ चं, कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० ची. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली हे खरं, पण तेव्हा दुकान आधीच उभं होतं.

आता माझं सांगतो. गेल्या दिवाळीआधी तीन ड्रिल जिग, म्हणजे भोक नेमक्या जागी पाडायला ड्रिलला वाट दाखवणारे साचे, द्यायचे होते. रात्री साडेदहाला तपासताना तिसऱ्यात एक बुश, म्हणजे ड्रिल ज्यातून जातं ती कडक नळी, पाच शतांश मिलिमीटर सरकलेला निघाला. कारागीर म्हणाला, "साहेब, एवढ्यानं त्यांना काही कळणार नाही." मी बुश काढायला लावला, भोक परत बोअर केलं, एक दिवस उशिरा माल दिला. बिलाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत ठरले होते, आले एकशे अठराव्या दिवशी. सरकारकडे 'उद्यम' नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, असा २००६ चा कायदा आहे. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर किती जण देतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तोवर स्टीलवाल्याला रोख हवे, स्टील तापवून कडक करून देणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्याला रोख हवे, कारागिराचा पगार दहा तारखेला आणि गाळ्याचं भाडं त्याच्याही आधी. हे सगळं माझ्या पगारातून गेलं.

पगार नसता तर तो बुश मी तसाच जाऊ दिला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. आणि पुढचं गिऱ्हाईक पडेल भावात काम मागत होतं, त्याला "या भावात जमणार नाही" म्हणालो, तेही सात तारखेच्या पगाराच्या जोरावर. उधारीवर गाळा चालवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, काका. मी आजूबाजूला पाहतो, चांगले हात असलेली माणसं अशीच तोट्याच्या भावात अडकलेली असतात.

करायचं म्हणाल तर एक गोष्ट नव्या मुलांना जरूर सांगा. धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. आयकराचा रिटर्न मुदतीत भरला तर तो तोटा पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करायला आठ वर्षं पुढे ओढता येतो, तेवढंच.

"मग सोडणार कधी?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. घरचे हप्ते आणि गाळ्याचा खर्च सहा महिने निघेल एवढी रक्कम बँकेत हवी, आणि कुठल्याही एका गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या हिश्शाहून जास्त काम नको. रक्कम जमली आहे. काम मात्र अजून सत्तर टक्के एकाच ठिकाणाहून येतं.