पोरांच्या मराठीला हसू नका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

दुपारी आम्ही एका ओळखीच्यांकडे आरतीला गेलो होतो. निघताना माझा लेक दारातून, कुणी न सांगता, मोठ्याने म्हणाला, "काका, मी येते!" अख्खी बैठक हसली. भारतातून आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "येते? अरे, तू मुलगा की मुलगी?" दुसऱ्या एकाने तर फोनच काढला. "परत म्हण ना, परत म्हण." मी तो फोन खाली ठेवायला लावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरगा घरी येईपर्यंत इंग्रजीतच बोलला. रात्री आजीशी व्हिडिओ कॉलवरसुद्धा.

तो "येते" का म्हणतो? कारण त्याच्या कानावर पडते ती मराठी माझी आहे. बाबा कामावरून येईपर्यंत याचे डोळे मिटायला लागलेले असतात. दिवसभर ऐकतो काय, तर "मी भाजी टाकते", "मी आवरते", "थांब, मी आलेच". ते त्याने जसंच्या तसं उचललं. इथे अमेरिकेत आईच्या मागे मागे वाढलेले कितीतरी मुलगे असंच बोलतात. कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो" म्हणाल्या की आपण केवढं कौतुक करतो, त्यांच्या बोलीचा ठसका वगैरे. मग या पोराच्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं?

त्याच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी काय केलं सांगते. वर्गातले बरेच मुलगे असं बोलतात हे ओळखून त्यांनी बाबा लोकांना बोलावणं धाडलं. दर रविवारी एका बाबाने अर्धा तास वर्गात बसायचं आणि आठवडाभरात काय काय केलं ते मुलांना सांगायचं. मी ऑफिसला गेलो, मी पाऊस पडत असताना छत्री विसरलो, मी डबा खाल्ला. बस, एवढंच. व्याकरणाचा तक्ता नाही, "चूक, परत म्हण" नाही. मुलगे हळूहळू आपोआप "गेलो", "विसरलो" म्हणायला लागले. माझ्याही लेकाचं निम्मंअधिक सुधारलंय. घाईत जुनं तोंडात येतं, तसं आज आलं.

हे ताईंना कुणी शिकवलं? कुणीच नाही. त्या आठवडाभर नोकरी करतात आणि रविवारी फुकट शिकवतात.

आणि शिकवतात कुणाला, तेही बघा. या मुलांना सगळं समजतं, पण वाचता येत नाही. 'चार' आणि 'चाक' यांतल्या च चे उच्चार ती घरात बिनचूक करतात, पण कागदावर दोन्हीकडे एकच अक्षर दिसलं की अडखळतात. नवखा परदेशी माणूस नेमका उलटा: अक्षर ओळखतो, उच्चार चुकतो. म्हणजे परक्यांसाठीचं पुस्तक चालत नाही. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक सहा वर्षांच्या मुलासाठी आहे, इथे वर्गात दहा-अकरा वर्षांची मुलं बसलेली. ती दहा मिनिटांत कंटाळतात. इथल्या विद्यापीठांत अशांना, म्हणजे घरी भाषा ऐकत वाढलेल्यांना, हेरिटेज लर्नर म्हणतात आणि त्यांना शिकवणं हा स्वतंत्र विषय मानतात. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात तर २००६ पासून त्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. इथल्या सरकारी पैशातून चाललेल्या स्टारटॉक या भाषाशिक्षणाच्या योजनेत हिंदी-उर्दूच्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं. मराठी त्या यादीत नव्हती.

काहीच झालेलं नाही असं नाही, हे मान्य. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या, शाळा आहेत, भारती विद्यापीठाशी जोडलेला अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत. ते उभं करणाऱ्यांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण अभ्यासक्रम शेवटी वर्गात उभं राहून शिकवायचा असतो, आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला आपण काय देतो?

आमच्याकडच्या मंडळाचं सांगते. दिवाळीला भारतातून कलाकार येतात, त्यांची विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं. जरूर आणा, मीही पहिल्या रांगेत असते. पण त्याच मंडळाच्या शाळेत फळ्याचे मार्कर आणि झेरॉक्स ताईंच्या पैशाने येतात. नाचाची तालीम असली की वर्ग कॉरिडॉरमध्ये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले, भाषणं झाली. त्या भाषणांत शाळेचं नाव एकदाही आलं नाही. मला तेव्हाही राग आला होता, पण आजच्याएवढा नाही.

"मुलांनी शुद्धच बोललं पाहिजे" म्हणणाऱ्यांनो, हो, बोललं पाहिजे. पण त्यांना आधी बोलावंसं वाटलं पाहिजे ना! आणि पुण्या-मुंबईतली आपलीच भाचरं एकोणसत्तर म्हणजे किती ते सांगताना थबकतात, तेव्हा कुणी फोन काढत नाही.

त्या पाहुण्यांचा राग आता जरा उतरलाय. त्यांच्या मनात वाईट नसेल. त्यांनी असं मूल पूर्वी पाहिलं नसेल. पण इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी हसावं, हे मला अजून पचत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची वार्षिक सभा आहे. मी ठराव मांडणार आहे. शिकवणाऱ्यांना मानधन, वह्या-पुस्तकांचा खर्च मंडळाकडून, रविवारी सकाळी एक खोली फक्त शाळेची, आणि वर्षातून एकदा त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च. कलाकारांच्या तिकिटांतून एक तिकीट कमी केलं तरी यातलं बरंच भागेल. इथले जे सभासद माझ्या यादीत आहेत त्यांनी सहीसाठी मेसेज करा. आणि बाबा लोकांनो, ताईंकडे पुढच्या महिन्याचे दोन रविवार अजून रिकामे आहेत. साडेदहाला या. तयारी काही लागत नाही, आठवडाभरात काय केलंत तेवढं सांगायचं.