मत चालतं, मग खुर्ची का नाही?

जळगावच्या आमच्या नानांनी घरच्या ग्रुपवर परत तोच विषय काढला. "बायकांना मताचा हक्क आहेच की, तो कोणी काढून घेतलाय? मग सरपंचपदाचा हट्ट कशाला?" निमित्त पारोळा तालुक्यातल्या विचखेड्याचं. २०२१मध्ये निवडून आलेल्या तिथल्या सरपंचबाई सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावातल्याच लोकांनी केली आणि त्यांना अपात्र ठरवलं गेलं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद परत दिलं. गावाला बाई सरपंच झालेली सहन होत नव्हती, हेही सुनावलं. नानांना ते अजून पचलेलं नाही. मी बोललो की उत्तर ठरलेलं: "तू अटलांटात बसून आम्हाला शिकवू नकोस."

बरं, मग अटलांटाचंच सांगतो.

हेन्री मॅकनील टर्नर. जन्म १८३४, साउथ कॅरोलायना. कृष्णवर्णीय, पण जन्माने गुलाम नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणीचा पाद्री. नंतर जॉर्जियात, म्हणजे अटलांटाच्याच राज्यात आला, राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत बसला आणि १८६८मध्ये मेकन शहराकडून विधानसभेवर निवडून आला. त्याच वर्षी सप्टेंबरात सभागृहाने त्याला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना बाहेर काढलं. का? तर घटनेने यांना मत दिलंय, पद भूषवायचा हक्क कुठे लिहिलाय? नाना, शब्द न शब्द तुमचा आहे. कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आलेले कित्येक गोरे रिपब्लिकनही त्या दिवशी गप्प बसले. रिकाम्या जागा कोणाला दिल्या? निवडणुकीत हरलेल्या गोऱ्या उमेदवारांना.

टर्नर सभागृहात उभा राहून बोलला. मी कोणापुढे वाकणार नाही, हक्कांसाठी हात पसरणार नाही, ते ठणकावून मागायलाच इथे आलोय, असा त्या भाषणाचा सूर होता. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८६९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना पद भूषवता येतं असा निकाल दिला, तरी सभागृह हललं नाही. शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राज्य पुन्हा लष्कराच्या ताब्यात दिलं, तेव्हा १८७०च्या जानेवारीत त्यांना जागा परत मिळाल्या. आपल्याकडे एका बाईंच्या खुर्चीसाठी लष्कर लागलं नाही, न्यायालयाचा निकाल पुरला. मला याचा अभिमान वाटतो. तुम्हाला राग का येतो?

मार्टाने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जॉर्जिया स्टेट स्टेशनला उतरलं की कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन, समोरच. त्या आवारात या हाकललेल्या आमदारांचं शिल्प आहे. त्याच आवारात गुलामगिरीसाठी लढलेल्या कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या, फौजेतला एक सेनानी गॉर्डनही घोड्यावर बसलेला आहे. दोघांपैकी कोणाला कुठे ठेवायचं, हे या राज्याचं अजून ठरत नाही. आपल्या गावांनी निदान या बाबतीत इथलं काही उचलू नये.

आता माझं. मी इथला नागरिक आहे, पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीसकट प्रत्येक निवडणुकीत मत देतो. मध्यंतरी शेजारीण म्हणाली, स्कूल बोर्डला, म्हणजे इथल्या शाळांच्या निवडून येणाऱ्या मंडळाला, उभा राहा, तुला बजेट कळतं. मी पटकन नाही म्हणालो. माझे उच्चार, माझं नाव, कोण मत देणार? मला कोणी अडवलं नव्हतं. तुमचं वाक्य मी स्वतःलाच लावून घेतलं होतं, नाना, आणि म्हणून ते ग्रुपवर वाचलं की मला झोंबतं.

टर्नर पुढे बिशप झाला. १८८३मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढला आणि त्याचा या देशावरचा विश्वासच उडाला. आफ्रिकेला चला, असं तो आपल्या लोकांना सांगत राहिला. १९१५मध्ये गेला तोही सीमेपलीकडे, कॅनडातल्या विंडसरमध्ये. आपल्याच मातीत उपरं ठरवलं गेलेल्या माणसाची ही गत मला इथे बसून फार जवळून कळते. विचखेड्याच्या बाईंना तर जायला दुसरं गावही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या सरपंचबाईंवर तक्रार झाली, तर "गावाला नको आहे" एवढंच लिहू नका. अर्जावर सह्या कोणाच्या आहेत, निवडणुकीत पडलेलं पॅनल कोणतं होतं, ते आधी टाका ग्रुपवर.