सी.बी.आर. ९.८

भाची यंदा एफवायबीएस्सीला आहे, दादरच्या एका कॉलेजात, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस एकच भांडण चाललंय, नव्या शैक्षणिक धोरणात केमिस्ट्रीचा पोर्शन उडवला की उगाच वाढवला. ताई म्हणते मुलांना काही शिकवतच नाहीत, भावोजी म्हणतात हायब्रिडायझेशन पक्कं नसेल तर पुढे ऑरगॅनिक डोक्यावरून जाणार. मी इकडे ओहायोत बसून वाचते आणि मनात म्हणते, भांडा खुशाल, पण ब्युरेटबद्दल, म्हणजे टायट्रेशनच्या त्या खुणा केलेल्या, नळ असलेल्या काचेच्या नळीबद्दल, कोणीतरी बोला की.

आमच्या वेळेस टायट्रेशन म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, खाली पांढरी टाइल, फिकट गुलाबी आलं की नळ बंद. पण बंद कुठे करायचा हे आधीच माहीत असायचं, कारण लॅबमधल्या शिपाईमामांनी पहिल्या बॅचच्या कानात "नऊ पॉइंट आठ" मिली सांगितलेलं असायचं आणि ते जिन्यावरच आमच्यापर्यंत पोचायचं. मग जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.८. पुन्हा पुन्हा तेच येणारं कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे सी.बी.आर., ९.८. जास्त पडून फ्लास्कमध्ये चांगला राणी कलर झालेला असला तरी ९.८च!

इकडे एमएसला आले तर पहिल्याच आठवड्यात मी हेच केलं. लॅबच्या बाईंनी वही बघितली आणि विचारलं, तिन्ही सारखी कशी काय? मला वाटलं शाबासकी आहे. नव्हती. ब्युरेटवर रेघा ०.१ मिलीच्या, दोन रेघांमधलं डोळ्यांनी अंदाजायचं, त्यामुळे ९.७८, ९.८३, ९.८० असं पुढेमागे होणारच, आणि ते किती पुढेमागे झालं ते सांगायलाच मार्क होते. बीएस्सीच्या तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

इकडचं सगळं भारी आहे असं नाही हां. आता मी स्वतः जनरल केमिस्ट्रीची लॅब घेते, वर्गात निम्मे नर्सिंगवाले नाहीतर डॉक्टर व्हायचंय म्हणून आलेले, आणि १ मोलर द्रावणातून दहापट पातळ, ०.१ मोलरचं १०० मिली करायचं तर कॅल्क्युलेटर काढतात. आपली पोरं लोकल पकडता पकडता सांगतील, दहा मिली. ते न्यूमरिकल्स अजिबात काढू नका बाबांनो.

पण गॉगल विसरला तर इकडे लॅबबाहेर, आणि बाटलीवरचं लेबल वाचणं हा अभ्यासाचा भाग. मी फर्स्ट क्लासवाली, तरी लालबागला आत्याकडे मोरी घासताना ॲसिडवर ब्लीच ओतलं होतं, डबल साफ होईल म्हणून. क्लोरीन! डोळ्यांतून धारा, खोकून खोकून जीव गेला, आत्या ओरडतेय दार उघड दार उघड. हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोराइटचं समीकरण मला बॅलन्स करता येत होतं, फक्त ते मोरीत असतं हे माहीत नव्हतं.

आणि पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा! ईडीटीए नावाच्या रसायनाने टायट्रेशन करून मोजतात ना, वाइन रेडचं निळं होतं ते, त्याला सॅम्पल मामांनीच बनवलेलं. अरे बाहेर बघा, नळाला धरणाचं पाणी, ते मऊ, आणि सोसायटीत टँकर येतो तो बहुतेक विहिरीचा नाहीतर बोअरचा. घरून बाटली भरून आणायला सांगा. भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. आपल्या टँकरचं किती निघतं ते पोरांनाच काढू दे, उत्तर मामांनाही माहीत नसेल.

परवा भाचीचा मेसेज आला. मावशी, माझी ९.७, ९.९, ९.८ आली, काय लिहू? म्हटलं जे आलं ते लिही, खाली सरासरी काढ. थोड्या वेळाने जर्नलचा फोटो आला. ९.८, ९.८, ९.८. खाली, "सॉरी मावशी, सी.बी.आर.ला दोन मार्क आहेत."