गणवेश बदलला, पण किती?

‘१९४५ नंतर दोन्ही जर्मनींनी जुन्या लष्करी गणवेशाशी पूर्ण फारकत घेतली’ हे जर्मन गणवेशांवरील आपल्या लेखातील विधान पश्चिम जर्मनीपुरते बऱ्याच अंशी पटते, पूर्व जर्मनीबाबत मात्र ते अजिबात टिकत नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये बॉनमध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या सेनेचे, म्हणजे बुंडेसवेअरचे, पहिले स्वयंसेवक उभे राहिले तेव्हा त्यांच्यातील गणवेशधारींच्या अंगात दुहेरी बटणांचे करडे कोट होते आणि पुढे सैनिकांच्या डोक्यावर अमेरिकी धाटणीचे शिरस्त्राण आले; वेअरमाख्टची, म्हणजे नाझी काळातील सैन्याची, आठवण होऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड होता. उलट, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या पूर्व जर्मनीच्या ‘राष्ट्रीय जनसेने’ने सोव्हिएत छायेत असूनही करड्या रंगाचा, जुन्या जर्मन धाटणीचाच गणवेश स्वीकारला. आपण ‘राष्ट्रीय’ सेना आहोत आणि पश्चिमेकडील सेना अमेरिकेची अंकित आहे, हे जनतेच्या मनावर ठसवण्यासाठी तो सोयीचा होता, असे माझे मत आहे. जनसेनेचे उतरत्या कडांचे शिरस्त्राणही युद्धकाळातील एका प्रायोगिक नमुन्यावरूनच घडवलेले होते.

कॉलरवरील दुहेरी पट्टीचे जुने चिन्ह तर दोन्ही सेनांनी जपले. पश्चिमेत पर्वतीय दलाचे एडेलवाइस फूलही कायम राहिले. युद्धातील पदके लावण्यास तिथल्याच १९५७ च्या कायद्याने मुभा दिली, मात्र त्यांवरील स्वस्तिक काढून टाकण्याच्या अटीवर. चिन्ह ठेवायचे आणि त्यातील नाझी अंश तेवढा वगळायचा, ही तडजोड लेखात यायलाच हवी होती, कारण त्या काळातील खरी ओढाताण तिथेच दिसते.