सोलापुरात संगजिऱ्याची (टाल्कची) खाण नव्हती. ती भुकटी बाळाला लावू नका

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारची सूनबाई वाटीत पांढरी भुकटी घेऊन दारात आली. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं होतं. "काका, खाणीतलं शुद्ध टाल्क आहे म्हणे. लावू का? बघा की जरा." तिच्या दिराने शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीतून पांढरे खडे आणून खलबत्त्यात कुटले होते. कारण होतं व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. तो असा: इंग्रजांनी सोलापूरजवळ टाल्कची खाण चालवली आणि १९४७ ला जाताना ती बुजवली, काळ्या दगडातले पांढरे खडे म्हणजे तेच टाल्क, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतही काळ्या खडकाला लागूनच टाल्क निघायचं, सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या रांगोळ्याही याच दगडाच्या, तेव्हा पावडर विकत घेऊ नका, घरीच कुटा.

शाळेत भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हा मेसेज गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याचं शेवटचं वाक्य तान्ह्या बाळाच्या कातडीपर्यंत पोचलंय.

आधी खडे. टाल्क म्हणजे आपलं संगजिरं. खनिजांचा कठीणपणा मोजायला फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये एक ते दहाची पट्टी केली, तिच्यात सगळ्यात खालचा, एक नंबरचा दगड हाच. नखाने ओरखडा उठतो आणि हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. शिंप्याचा खडू ज्यांनी बोटांत धरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दिराकडचे न कुटलेले तीन खडे मागवून घेतले. एकावरही नख चाललं नाही. पहिल्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, म्हणजे तो कॅल्साइट. दुसरा मोत्यासारखा चमकणारा, किंचित गुलाबी, गव्हाची पेंढी बांधावी तसा मधे आवळलेला: तो स्टिल्बाइट, झिओलाइट जातीचा. तिसऱ्याने काचेच्या बाटलीवर सरळ रेघ ओढली. ती गारगोटी. वाटीतली भुकटी दोन बोटांत चोळली तर करकर लागली. अशी भुकटी घामोळ्यावर घासणं म्हणजे कातडं सोलणं, आणि उडून छातीत गेली तर गारगोटीची धूळ फुप्फुसाला घातक.

हे खडे आले कुठून, तर आपल्याच लाव्ह्यातून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी जमत गेली. सोलापूर जिल्ह्यात विहिरी खणताना पहारीखाली हे निघतं.

डेथ व्हॅलीचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो निम्मा खरा आहे. तिथे टाल्कच्या खाणी होत्या, आणि लागून काळा खडकही होता. त्याचं नाव डायबेस, आपल्या काळ्या फत्तराचा, म्हणजे बेसॉल्टचा सख्खा भाऊ. पण टाल्क त्या काळ्या खडकाचं झालं नाही. शंभर कोटी वर्षांहूनही आधी तो तापलेला रस डोलोमाइटच्या थरांत घुसला. डोलोमाइट म्हणजे कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला चुन्याचा खडक. त्या धगीने आणि गरम पाण्यातल्या सिलिकाने (गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्याने) डोलोमाइट बदललं, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, मागे उरलं टाल्क आणि कॅल्साइट. काळा खडक ही चूल होती, चुलीवरचा जिन्नस डोलोमाइट होता. तिथल्या वॉर्म स्प्रिंग कॅन्यनमध्ये लुईस ग्रँथम या बाईंनी १९३० च्या दशकात टाल्कच्या जागांवर हक्क नोंदवले आणि ती त्या भागातली मोठी खाण झाली. आता ती बंद आहे, पण कामगारांची घरं, अगदी पोहण्याचा हौदसुद्धा तिथे उभा आहे. खाण बंद झाली तरी ती अशी दिसत राहते.

आपल्याकडे चूल होती, जिन्नस नव्हता. काळ्या फत्तराखाली पुन्हा काळाच फत्तर. शेतात सापडते ती चुनखडी डोलोमाइट नव्हे. बेसॉल्टमध्ये थोडं मॅग्नेशियम असतं हे खरं, पण सोबत ॲल्युमिनियमही भरपूर असतं, त्यामुळे तो झिजला की संगजिरं होत नाही, चिकणमाती होते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आपली काळी रानं ती हीच.

इंग्रजांच्या खाणीबद्दल. खड्डे खरे आहेत, पण ते दगडाचे. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली, तिला खडी लागली. पुढे हिप्परग्याच्या एकरुख तलावाला आणि १८७७ च्या 'जुनी मिल' या कापडगिरणीला दगड लागला. कापडाच्या खळीत तेव्हा संगजिऱ्याची भुकटीही घालत. गिरण्यांच्या गावाला लागून तिची खाण असती तर ती बुजवायचं कुणाच्या मनात आलं असतं? देशात संगजिरं प्रामुख्याने राजस्थानात आणि उत्तराखंडात निघतं. आपल्या कन्नड शेजाऱ्यांना विचारा, ते 'बळपद कल्लु' म्हणजे पाटीवरच्या पेन्सिलीचा दगड म्हणतात तो याच जातीचा. बेलूर-हळेबीडची शिल्पं त्यातली. पण तो धारवाडी खडकांचा मुलूख, आपल्या लाव्ह्याहून कितीतरी पुरातन.

रांगोळीचं तर चिमटीतच कळतं. ती दाणेदार असते म्हणून रेघ सुटते. संगजिऱ्याचे पापुद्रे बोटांनाच चिकटून बसतील. यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक जाते त्या वाटेवर मैलभर रांगोळी घालणाऱ्या बायांना हे कधीचं ठाऊक आहे.

विकतच्या टाल्कचीही भलामण मला करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, आणि भुकटी श्वासातून जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला कुठलीच पावडर लावू नका म्हणतात. सूनबाईने वाटी कुंडीत रिकामी केली, बाळाला गार पाण्याने पुसलं, सुती झबलं घातलं. चार दिवसांत मान निवळली.

तिचा दीर आता खडे दाखवायला येतो. त्याला एवढंच बजावलंय की खाणीच्या कड्यावर चढायचं नाही, पाणी साचलं असेल तर आसपासही फिरकायचं नाही. विहिरीचं काम चाललंय तिथे मालकाला विचारून ढिगाऱ्यातले उचल, स्टिल्बाइट तिथेही मिळतो.